वाढीचा फ्रॉक

आपण गरीब आहोत हे मला मुरबाडच्या शाळेच्या पटांगणात कळलं. तोवर घरात भात होता, नाचणी होती, जवळच्या म्हसा गावच्या जत्रेतून वर्षाआड एक घोंगडी येत होती, त्यामुळे तसा संशय यायचं कारण नव्हतं. पण दुसरी लढाई चालू होती, आणि मुंबईच्या काही बायका आपल्या घरातली जुनी कापडं मोटारीत भरून आमच्याकडे आल्या. ती आम्ही विकत घ्यायची आणि तो पैसा जखमी शिपायांना जायचा. म्हणजे दान त्यांचं आणि पैसे आमचे. हारतुरे अर्थात त्यांनाच घातले गेले.

मला तिथे घेऊन गेली ती माझी आत्या. नवऱ्यानं दुसरी आणल्यावर ती आमच्याकडे परत आली होती, आणि आई तिच्या पानात भाताबरोबर चार शब्दही वाढायची. पुढच्या भातकापणीपर्यंत आत्यानं स्वतःचं काही मिळवावं, नाहीतर मुकाट सवतीच्या घरी जाऊन राहावं, असा निकाल वडिलांनी दिला होता. वडील मायाळू म्हणून गावात प्रसिद्ध होते. आत्याला एकच विद्या येत होती, शिवणाची. गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवून तिला मिळायचं काय, तर शेरभर तांदूळ आणि पुष्कळ सूचना.

त्या ढिगात तिच्या हाताला पडद्याचं कापड लागलं. निळ्या फुलांचं, मोठ्या पन्ह्याचं, पण एका कडेला उन्हानं वीतभर विटलेलं, म्हणून मातीमोल. आत्यानं ते म्हशाच्या बाजारात बैल पाहावा तसं उलटसुलट पाहिलं, नाक मुरडलं, सोडून दिलं, चार पावलं गेली आणि परत आली. मुंबईच्या बाईला हा प्रकार ठाऊक नसावा. गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरून तिनं कापडावर एक जुनं पाकीट फुकट दिलं. पाकिटावर झालरीचा फ्रॉक घातलेली गोरी मुलगी होती, आणि आत पतंगाच्या कागदासारखे पातळ, फ्रॉकच्या तुकड्यांच्या आकाराचे कागद. ते कापडावर ठेवायचे आणि कडेकडेनं कापायचं.

समारंभाच्या अध्यक्ष मामलेदारीणबाई होत्या. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. आत्यानं धीर केला आणि पाकीट त्यांच्यापुढे धरलं.

“बाईसाहेब, असा फ्रॉक मी शिवीन तुमच्या पोरीला. कापड माजं. आवडला तर घ्या.”

“आवडला तर कचेरीतल्या सगळ्या बायकांचं शिवण तुलाच,” बाई म्हणाल्या. तेव्हा टाळ्या चालू होत्या, त्यामुळे मनही मोठं झालं असावं.

घरी आत्यानं कागद जमिनीवर मांडले. अक्षर तिला येत नव्हतं, पण माप डोळ्यांनी वाचता येत होतं.

“ह्यात वाढ कुठं हाय गो?” ती मला म्हणाली. “पोर काय वाढायची नाय काय?”

आमच्याकडे पोराचा कपडा तीन वर्षांचा शिवत. जादा कापड आत दुमडून ठेवायचं आणि अंग वाढेल तशी एकेक दुमड उसवायची. तेव्हा कागद करणारा साहेब अडाणी ठरला, आणि आत्यानं त्याची चूक सुधारली. घेराला खाली तीन दुमडी घातल्या आणि विटलेली कड नेमकी त्यांतल्या एकीत लपवली.

मामलेदारांच्या मुलीला फ्रॉक बसला, पण दुमडींनी घेर असा ताठ उभा राहिला की ती पालथ्या टोपलीसारखी दिसू लागली.

“अगं, हा फ्रॉक की गोधडी?” बाई म्हणाल्या. “फ्रॉक कसा तंतोतंत मापाचा हवा.”

“वाढीचा हाय, बाईसाहेब. तीन वर्सं जाईल.”

“आमच्यात तीन वर्षं एकच कपडा घालत नाहीत हो.”

बाई हसल्या. त्यांच्या दारातला पट्टेवालाही हसला. त्याच्या अंगातला सरकारी कोट त्याच्यासारख्या दोघांना पुरला असता.

आत्यानं फ्रॉक काखोटीला मारला आणि घर गाठलं. तो मला मिळाला. मला तिचं वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला सांगू, मला भयंकर आनंद झाला. तोवर माझं सगळं काही भावाच्या जुन्या सदऱ्यांतून निघत असे. तो फ्रॉक मी पाण्याला जाताना घातला, जत्रेला घातला, आई ओरडेपर्यंत झोपतानाही घातला.

मग लढाईपायी कापड सरकारी कंट्रोलवर गेलं आणि दुकानांतून दिसेनासं झालं. भातकापणी महिन्यावर आली. आई आत्याच्या गाठोड्याला दोरी शोधू लागली. अशात एका सकाळी मामलेदारीणबाई स्वतः आमच्या अंगणात उभ्या. मुलगी वाढली होती, आणि तिचे तंतोतंत मापाचे सगळे फ्रॉक तिला होईनासे झाले होते.

“तो तुझा तीन वर्षांचा... आहे का गं अजून?”

मी तो घालूनच उभी होते. आत्यानं माझ्याकडे पाहिलं.

“उतरव गो.”

मी उतरवला आणि भोकाड पसरलं. आत्यानं तिथल्या तिथे दोन दुमडी उसवल्या. विटलेली पट्टी बाहेर आली, तसा तिचा चेहरा पडला.

“अय्या, बॉर्डर!” बाई म्हणाल्या. “हे मात्र झकास केलंस.”

आठवडाभरात फौजदारीणबाई आल्या, मग डॉक्टरीणबाई. साऱ्यांना मुलींचे आखूड झालेले फ्रॉक घरातल्या जुन्या कापडांच्या पट्ट्या जोडून वाढवून हवे होते, आणि खाली विटकी बॉर्डरही हवी होती. भातकापणी झाली, पण आत्याच्या जाण्याचा विषय कुणी काढला नाही. आई तिच्या भातावर तूप वाढू लागली.

मी मात्र आत्याशी महिनाभर बोलले नाही. एका दुपारी तिनं मला हाक मारून पुढ्यात काहीतरी टाकलं. पडद्याचे उरलेले तुकडे जोडून शिवलेला फ्रॉक होता तो.

“कागदापरमानं शिवलाय,” ती म्हणाली. “तंतोतंत. मामलेदाराच्या पोरीसारका.”

झालर होती. दुमड एकही नव्हती. इतकं नीट बसलेलं काही मी आधी कधी घातलं नव्हतं, पुढेही नाही. पाच महिन्यांत तो मला होईनासा झाला. आत्याला मी ते सांगितलं नाही. श्वास आत ओढून, बगला उसवेपर्यंत घालत राहिले.