मागचं डावं चाक

लडाखमध्ये ट्रान्सपोर्ट बटालियनला पोस्टिंग झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली गेली. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढायचा नाही. थंडीत ब्रेक लायनर ड्रमला चिकटून गोठतात आणि सकाळी चाक सुटत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकामागे दगड लावायचा. ही सवय मी पेन्शनवर येताना सोबत आणली. शेलूबाजारात बर्फ पडत नाही, तरी माझ्या जुन्या कारचा हँडब्रेक मी कित्येक वर्षं ओढला नव्हता. डिकीत दगड असतो.

बटालियनमध्ये माझा को-ड्रायव्हर नायक रफीक होता. तोही शेलूबाजारचाच. चढावर जीव काढणाऱ्या गाडीशी तो लाडीगोडीनं बोलायचा आणि मला उस्ताद म्हणायचा.

एका दुपारी आमचा कॉन्व्हॉय केरोसीन घेऊन वर चालला होता. आमची गाडी सगळ्यात मागे होती. केबिनमध्ये जळक्या रबराचा वास आला. मी वायरलेस सेट उचलला.

"सर, लास्ट गाड़ी. जलने की बदबू है. रोक रहा हूँ."

"रॉजर. जगह देखकर रोको."

जागा मी निवडली. रस्ता तिथं जरा रुंद होता. वर कडा होता. रफीक उतरला, दगड लावला आणि चाकं तपासत गेला. वरून दरड आली आणि रफीक तिच्याखाली गेला. मी स्टिअरिंगवर होतो, मला खरचटलंदेखील नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीनं थांबण्याचा निर्णय बरोबर ठरवला. पुढच्या वळणावर मोकळी जागा होती, हे मला दुसऱ्या दिवशी दिसलं. रफीकच्या घरी मी हे सगळं तेव्हाच सांगितलं. भाभी, त्याची बायको, एवढंच म्हणाल्या, "जेवून जा."

यंदा त्यांच्या मुलीची, सनाची, पोलीस भरतीची मैदानी चाचणी वाशिमला होती. सकाळी साडेसातला हजर राहायचं होतं. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. मी कार घेऊन नेतो म्हणालो. गाडी आदल्या संध्याकाळपासून तिच्याच दारात होती. मी तिला चालवायला शिकवत होतो आणि त्या दिवशी तिनंच ती लावली होती.

आम्ही साडेपाचला निघालो. गाव मागे पडलं आणि वास आला. तोच वास.

इथं मला लपवायचं नाही. मी थांबलो नाही. काच खाली केली.

"कोणी वावराच्या धुऱ्यावर टायर जाळून राह्यलं असन," मी म्हणालो.

मग एसी बंद केला. इंजिनाच्या तापमानाचा काटा पाहिला. क्लचवरून पाय काढून पाहिला, क्लच घसरत नव्हता. चालत्या गाडीत जेवढं तपासता येतं तेवढं तपासलं. वास वाढत गेला आणि गाडी जड झाली. पाय ब्रेककडे जात नव्हता.

"चाचा, वास आपल्याच गाडीचा हाय."

"जागा पाहून राह्यलो."

"अवो, दोन्हीकडं सोयाबीन हाय नुसतं. दरड काय वावरातून येईन?"

मी गाडी बाजूला घेतली.

"तू खाली उतरू नको," मी सांगितलं.

"उतरतो ना. काहून नाही उतरू?" आणि ती उतरली.

मी बॉनेट उघडलं. फॅन बेल्ट शाबूत होता, कुठलाही पाइप गरम भागाला टेकला नव्हता. वास तिथं नव्हताच. मग हाताची उलटी बाजू प्रत्येक चाकाजवळ नेत गेलो. तीन चाकं कोमट होती. मागच्या डाव्या चाकाजवळ हात धरवेना. आतून बारीक धूर येत होता.

"काल हँडब्रेक ओढला होता का तू?"

"हो. उतार हाय ना आमच्या दारात."

"मी तुले दगड लावायले सांगतलं होतं."

"ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणे हँडब्रेक. तुमच्यावानी डिकीत दगड घेऊन कोण फिरते, चाचा? लोक हासतेत मले."

चूक तिची नव्हती. इतकी वर्षं न हललेली केबल आत गंजली होती. तिनं ओढली तेव्हा ती ताणली गेली. सकाळी मी बसण्याआधी तिनंच गाडी सुरू करून लिव्हर खाली केला, डॅशबोर्डवरचा दिवा विझला, पण केबल मागे आलीच नाही. डावं चाक ब्रेक लागलेलंच पळत होतं.

सना बाटलीतलं पाणी ओतायला निघाली. मी अडवलं. तापलेल्या ड्रमवर पाणी पडलं तर तो तडकतो. निवेपर्यंत थांबणं भाग होतं. ती रस्त्याच्या कडेला पाय ताणत राहिली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "एवढा घाम तर मले पळूनही येत नाही."

मग पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला. चाक हातानं फिरेना. खाली पडून मी पकडीनं चाकाच्या आतल्या बाजूचा ब्रेकचा लिव्हर मागे ढकलला. केबल करकरत सुटली. ड्रमवर लाकडानं दोनचार ठोके दिले. सनानं चाक फिरवलं, ते मोकळं फिरलं. हँडब्रेकजवळचा नट मी पूर्ण ढिला केला. नवी केबल टाकेपर्यंत हँडब्रेक कोणी वापरू नये म्हणून. पुढे मधेच एकदा थांबून हात लावून पाहिला. चाक थंड होतं.

वेळेत पोचलो. फाटकाशी मुलींची रांग आत सरकत होती. सना बॅग घेऊन निघाली आणि परत खिडकीशी आली.

"चाचा, त्या दिवशी अब्बाले बिघाड सापडला होता का?"

"सापडला होता. पुढचं उजवं चाक. मले ओरडून सांगतलं होतं त्यानं."

"मंग ठीक," ती म्हणाली आणि रांगेत गेली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या कागदांत जागा आहे, वेळ आहे, हवामान आहे. बिघाड सापडला होता का, हे मला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. म्हणून इथं लिहून ठेवतो. नायक रफीकला तो सापडला होता.