वानगीचा गूळ

“गळ्यात तुळस अन् टोपलीत बोकड?” बारामतीच्या बाजारात, खाटकाच्या दुकानापुढं बुवा असे ओरडले, की तिकडं इंदापूरच्या वेशीतली कुत्री उठून बसली असतील. बुवा म्हणजे आमच्या सणसरच्या भजनाचे म्होरके. ओरडत होते ते माझ्या थोरल्या बहिणीवर. अक्कावर. आणि मी? मी तिथंच होतो. हात लांब केला असता तर तिच्या टोपलीला लागला असता, इतका जवळ.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. कालव्यातल्या मगरीवर बसून निरवांगीला गेलो, हे सांगितलं. एका फुंकरीत टोळधाड परतवली, हेही सांगितलं, आणि लोकांनी ऐकून घेतलं. खरी गोष्ट तेवढी – जाऊ द्या. सांगतो.

त्या साली मी वाळत चाललो होतो. तहान अशी, की विहिरीनं माझी धास्ती घ्यावी. बारामतीच्या डॉक्टरांनी माझी लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर तापवली. बघता बघता ती विटेसारखी लाल झाली. साखर! मग एकेक बंद झालं – भाकरी बंद, भात बंद, ऊस बंद, गुळाचं तर नावसुद्धा नको. अंडी खा, मटण खा, पालेभाजी, ताक. नाहीतर पाय सडेल, म्हणाले. माझी बायको वारलेली, घरात रांधणारी एकटी अक्का. विधवा. आणि माळकरी. तिनं जन्मात अंड्याचं टरफल हातात धरलं नव्हतं.

तरी ती उठली. परसात लिंबाखाली तीन दगड मांडले, वेगळं मडकं आणलं. नाकाला पदर लावून मटण शिजवायची, मग डोक्यावरून अंघोळ, मग स्वतःची भाकरी. चाखणार कशी? “मीठ बघ रे,” एवढंच दुरून म्हणायची. भाकरीवाचून माझा घास उतरेना, म्हणून शेंगदाण्याचा कूट ताकात भिजवून भाकरीसारखा थापायला बघायची. तव्यावर त्याचा चुरा व्हायचा. पुन्हा थापायची. किती वेळा? मी मोजलं नाही. मी गिळत होतो.

तर तो बाजार. मटण आणायचं माझं काम. पण त्या दिवशी मी अक्काला म्हणालो, तू हो पुढं, मी गुळाचा भाव विचारून आलोच. भाव! आमच्या घरी गूळ विकायला नव्हता, घ्यायला नव्हता. पण गुळाच्या पेठेत प्रत्येक आडत्या वानगी देतो – ढेपेचा एक खडा, चाखायला. चाखलेलं कुणी खाल्लेलं धरत नाही. निदान मी धरत नव्हतो. या दुकानी एक, त्या दुकानी एक, पेठ संपेपर्यंत माझं जेवण व्हायचं. दर बाजारी. शिवाय मळ्यात गड्यांच्या फडक्यातली भाकरी, रोज.

पेठेतून परतून मी अक्काशेजारी पोचलो, तोच बुवा ओरडले. लोक गोळा झाले. एक शब्द पुरे होता – ‘बुवा, हे माझ्यासाठी आहे.’ अक्कानं माझ्याकडं पाहिलं. ती वाट बघत होती. मी बोललो नाही. मी बुवांना भ्यालो असेन, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. पण – माझ्या तोंडात गुळाचा खडा होता. गालाएवढा. तोंड उघडलं असतं तर दिसला असता.

अक्कानं माझ्यावरची नजर काढली. गळ्यातली माळ काढून बुवांच्या हातावर ठेवली. “माजा भाऊ जगला पायजे,” म्हणाली, आणि पैसे द्यायला खाटकाकडं वळली. खडा माझ्या तोंडात विरघळत राहिला. गोड लागत होता का? लागत होता.

पुढं डॉक्टरांची नळी दर खेपेला लालच. अक्काला वाटायचं, आपलंच रांधण्यात काही चुकतंय. काय चुकतंय, हे एकदा तिनं दवाखान्याच्या पायरीवर बसून डॉक्टरांनाच विचारलं. मी चपला बघत उभा होतो.

मग बुवाही नरमले. घरातलं मटण थांबलं की येऊन माळ घेऊन जा, असा निरोप त्यांनी धाडला. अक्कानं मला विचारलं, “तुला बरं वाटत असलं तर जाऊ का रं?” तसंही मी पथ्य पाळत नव्हतोच, नुसतं हो म्हणायचं होतं. पण परसात तेव्हा रस्सा शिजत होता, वास सुटला होता. मी म्हणालो, “अजून न्हाय.” आजारासाठी नाही. मटणासाठी.

तिनं पुन्हा विचारलं नाही. बरीच वर्षं ते मडकं चुलीवर चढत राहिलं. शेवटी माझंच मन खायला उठलं, आणि एका सकाळी मी म्हणालो, “अक्का, मी बरा झालो. जा, माळ घालून ये.” तेही खोटंच.

ती मडकं राखेनं घासत होती. मान वर केली नाही.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाली. “हाताला वास बसलाय.”