तोंडावरचा कोंडा

उकंडरावांच्या आधीची तिन्ही लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून चौथं झालं तेव्हा सुइणीनं त्याला फडक्यात गुंडाळून घडीभर उकिरड्यावर ठेवलं, आणि मग कुणाचं तरी टाकलेलं लेकरू सापडल्यासारखं उचलून घरात आणलं. नजर लागू नये, मरणालाही या पोराची किळस यावी, म्हणून नाव पडलं उकंडा. पोरगं जगलं. हिंगोलीच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, हमाल म्हणून आलं, पुढं मापाडी झालं, आणि उकंड्याचे उकंडराव कधी झाले ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

मापाड्याचं काम तसं साधं. हळदीचं पोतं काट्यावर चढलं की आकडा मोठ्यानं सांगायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा. पण उकंडरावांच्या आकड्याला मान होता. कळमनुरीकडचे शेतकरी गाडीतून उतरतानाच विचारायचे, "उकंडराव हायेत ना काट्यावर?" असले की बिनघोर चहाला जायचे. एकोणतीस वर्षांत त्यांच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि याचा त्यांना आतून अभिमान होता. बोलून दाखवायचे नाहीत एवढंच.

त्या वर्षी दिवाळी सरली, थंडी पडली आणि त्यांच्या तोंडाला काहीतरी झालं. आधी गाल ओढल्यासारखे वाटायला लागले. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना, भुवयांत, दाढीच्या खुंटांत पांढरे पापुद्रे सुटू लागले. हसलं की कातडी चरचरायची. हळदीची धूळ बसली की आग व्हायची. संध्याकाळी घरी आले की ते न्हाणीत बसायचे आणि पिवळं तोंड कढत पाण्यानं, कपड्याच्या साबणाची वडी लावून, चिंधीनं खसाखसा घासायचे. हळदीचा रंग असा निघायचा, पण दुसऱ्या दिवशी पापुद्रे दुप्पट व्हायचे. सखुबाईंनी, त्यांच्या बायकोनं, बेसन-हळदीचा लेप लावून पाहिला. तो वाळला आणि सोबत आणखी थोडी कातडी घेऊन निघाला.

"एवढी हळद अंगावर घेता रोज, अन् तोंडाचं हे असं काहून व्हावं?" सखुबाई म्हणाल्या.

एकदा नमुन्याच्या ताटलीवर ते वाकून हळदीची कांडी बघत होते. माल विकून देणाऱ्या आडत्यानं ताटली हळूच आपल्याकडं ओढून घेतली आणि हसत म्हटलं, "उकंडराव, जरा लांबून बघा. माल खराब व्हईल." भोवतीचे हमालही हसले. उकंडरावही हसले. त्या दिवसापासून ते तोंडाला रुमाल बांधून कामावर जाऊ लागले.

पण साखरपुड्यात रुमाल कसा बांधणार? आखाडा बाळापूरला नात्यातल्या मुलीचा साखरपुडा होता. पाहुण्यांना ओळीनं गंध लावत एक तरणा माणूस आला. उकंडरावांच्या कपाळावर त्यानं अंगठा टेकवला आणि उचलला, तर कुंकवासोबत एक पापुद्राही अंगठ्याला चिकटून आला. त्या माणसानं फक्त पुढच्या पाहुण्याकडं वळण्याआधी अंगठा पँटला पुसला, एकदा, आणि नीट बघून पुन्हा एकदा. त्यानंतर पंगतीत काय वाढलं हे उकंडरावांना आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुनेच्या डबीला हात लावला.

सून निलम. मुलगा योगेश पुण्याकडं कंपनीत होता, आणि बाळंतपण होऊन सहा महिने झाले तरी निलम लेकरासह हिंगोलीतच होती. बाळंतपणानंतर तिचंही तोंड कोरडं पडून चिरलं होतं, म्हणून डॉक्टरनं एक मलम लिहून दिलं होतं. महागाचं. न्हाणीजवळच्या आरशामागं फळीवर ती डबी ठेवायची आणि करंगळीच्या टोकानं घेऊन महिनाभर पुरवायची. सुनेची वस्तू, तीही तोंडाला लावायची. मागायची कशी? उकंडरावांनी आजूबाजूला पाहिलं, बोट बुडवलं, गालांवर फिरवलं आणि झाकण लावलं. तोंडाला दोन महिन्यांत पहिल्यांदा थंड वाटलं. एकदाच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं.

पंधरा दिवसांत डबीचा तळ दिसला.

घरात आणखी एक माणूस होतं. सखुबाईंच्या धाकट्या भावाची, मुंजाजीची पोरगी, प्रतिक्षा. मुंजाजी सिद्धेश्वरला धरणावर मासे धरायचा आणि थोडी शेती करायचा. पोरगी हुशार, म्हणून हिंगोलीत नर्सिंगला घातली आणि आत्याकडं ठेवली. ती घरातली भांडी घासायची, लेकराला खेळवायची, कोपऱ्यात बसून अभ्यास करायची. तिच्या तोंडाला मात्र थंडीचा ओरखडाही नव्हता. चेहरा नितळ, मऊ. तेच तिला नडलं.

सकाळची वेळ होती. उकंडराव भिंतीला टेकून चहा पीत होते. निलम रिकामी डबी घेऊन आली आणि सासूला हळू आवाजात म्हणाली, "आई, ह्यातलं कुणी घेतलं का? मला महिना जातो."

सखुबाईंनी डबीत पाहिलं आणि मग थेट भाचीकडं. "प्रतिक्षा, तू लावलंस का गं हे?"

"न्हाई आत्या."

"मंग काय मांजरानं लावलं? घरात दुसरं कोन लावणार? मागून घ्यायचं व्हतं. असं गपचूप घेनं बरं न्हाई, लोकाच्या घरी ऱ्हातीस तू."

लोकाच्या घरी, हे शब्द बाईच्या तोंडून रागात निघून गेले. प्रतिक्षाच्या हातातलं पुस्तक मिटलं. ती पुन्हा म्हणाली, "मी न्हाई घेतलं."

सखुबाई नवऱ्याकडं वळल्या. "अवो, तुमी तरी सांगा तिला."

त्या वेळी उकंडरावांच्या गालांवर त्याच डबीतलं, सकाळीच लावलेलं मलम होतं. कुणी जवळ येऊन पाहिलं असतं तर चमक दिसली असती. पण सासऱ्याच्या तोंडाकडं कोण बघतं? मी घेतलं, हे तीन शब्दसुद्धा नव्हते, दोनच होते. सूनबाई समोर उभी होती. तिच्यासमोर, या वयात, आपण तिच्या डबीत बोटं घालतो हे कसं म्हणायचं? त्यांनी कपातला चहा फिरवला आणि म्हणाले, "जाऊ द्या. लेकरू हाय, चुकलं असंल."

बोलून झालं आणि त्यांना कळलं की आपण काय केलं. गप्प बसले असते तर निदान गोष्ट तशीच लोंबकळत राहिली असती. माफी देऊन त्यांनी तिच्यावर चोरी पक्की केली होती. प्रतिक्षानं वर पाहिलं. रडली नाही. क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं, मग उठून भांडी घासायला गेली.

तिसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. कॉलेजला सुट्टी आहे म्हणाली आणि सिद्धेश्वरला गेली. सखुबाईंच्या मनात थोडं चुकचुकलं, पण त्या म्हणाल्या, "येईल चार दिवसांत. तरण्या पोरींचा राग तो."

उकंडरावांचं मोंढ्यात लक्ष लागेना. एका दुपारी त्यांनी छप्पन्नचं पासष्ट सांगितलं. शेतकऱ्यानंच हटकलं, "उकंडराव, बराबर बघा एकदा." त्यांनी पाहिलं, आकडा सुधारला, आणि कान तापले. तसं पाहिलं तर चूक शेतकऱ्याच्या फायद्याची होती. त्याच संध्याकाळी त्यांनी मुकादमाला सांगितलं की उद्या येणार नाही.

सिद्धेश्वरला जायला औंढ्यापर्यंत एस.टी., पुढं जीप. सखुबाईंना सांगितलं की मोंढ्याच्या कामानं जातोय. खोट्यात आणखी एक भर पडली.

मुंजाजी दारात जाळं सांधत बसला होता. दाजींना पाहून तो तटकन उठला. पाण्याचा तांब्या आला, सतरंजी आली, बायकोला मासे करायला सांगणं झालं. "दाजी, सांगून तरी यायचं. लई दिवसांनी पाय लागले." बहिणीच्या नवऱ्याला बसवायचं कुठं आणि ठेवायचं कुठं असं त्याला झालं होतं. आणि उकंडरावांच्या ध्यानात आलं की इथं कुणाला काही ठाऊकच नाही. पोरीनं घरी फक्त सुट्टी सांगितली होती.

म्हणजे आता गप्प राहायचीही सोय होती. जेवायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, पोरीला सोबत घेऊन परत जायचं. कुणी काही विचारलं नसतं. हा विचार मनात आला याचीच त्यांना शिसारी आली.

प्रतिक्षा ताट घेऊन आली. ताटात वाम माशाचा रस्सा होता. तिनं ताट पुढं ठेवलं आणि "घ्या मामा," म्हणाली, नेहमीसारखंच. घास तोंडापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी तो परत ताटात ठेवला.

"मुंजाजी, मला एक सांगायचंय. प्रतिक्षा, तू पण थांब."

त्यांनी सांगितलं. डबी, पंधरा दिवस, सखुबाईचं बोलणं आणि आपलं बोलणं. मान वर न करता, ताटाच्या काठाकडं बघत सांगितलं.

मुंजाजीनं विचारलं, "पोरीवर आळ आला तवा तुमी तितंच व्हते, दाजी?"

"व्हय."

"अन् तुमी म्हणले, चुकलं असंल."

"व्हय."

मुंजाजीनं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. मग म्हणाला, "जेवून घ्या. गार व्हईल." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

प्रतिक्षा दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मला ठाव व्हतं, मामा. मी सकाळी भांडी घासायला बसते, तितून आरसा दिसतो. तुमी रोज डबी काढायचे."

"मंग तू आत्याला काहून सांगितलं न्हाई?"

"तुमचं नाव कसं घेऊ? मला वाटलं, तुमीच सांगता."

उकंडरावांनी डोळे मिटले. त्या सकाळी तिनं वर का पाहिलं होतं ते आता कळलं. ती वाट पाहत होती.

तीच पुढं म्हणाली, आणि तिचा आवाज दवाखान्यातल्या नर्सबाईसारखा कोरडा, कामापुरता झाला होता. "तुमचं तोंड मलमानं बरं व्हनार न्हाई, मामा. तुमी कपड्याच्या साबणानं धुता. कढत पानी घेता. ते आधी बंद करा. कोमट पानी घ्या, आंघुळीचा साधा साबन, त्यो बी जरासाच. घासायचं न्हाई, टावेलानं टिपायचं. अन् तोंड ओलसर असतानाच मेडिकलमधली साधी पांढरी जेली लावायची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. ती स्वस्तात मिळती. मी तीच लावते. दुसरं काई लावत न्हाई. बेसन-हळद तर नकोच."

"बरं," ते म्हणाले.

"महिनाभरात फरक न्हाई पडला तर सरकारी दवाखान्यात चमडीच्या डाक्टरला दाखवा."

"बरं. चलतीस का मग संगं?"

तिनं विचारलं, "आत्याला सांगितलं का तुमी?"

त्यांनी मान हलवली. नव्हतं सांगितलं.

"मंग मी कशाला येऊ?"

दरवेळी मुंजाजी दाजींना जीपपर्यंत सोडायला यायचा, जीप हलेस्तोवर उभा राहायचा. त्या दिवशी तो जाळं सांधत राहिला. "सांभाळून जा," एवढं म्हणाला, खाली बघूनच.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. निलम लेकराला भरवत होती, सखुबाई तांदूळ निवडत होत्या. चप्पल काढताकाढताच त्यांनी सांगून टाकलं, कारण एकदा बसले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं हे त्यांना माहीत होतं.

सखुबाईंचा हात सुपात थांबला. "माझ्या भावाच्या पोरीला मी चोर म्हणलं," त्या म्हणाल्या. पुन्हा तेच म्हणाल्या, स्वतःशीच. नवऱ्याला त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि पुढं पाच दिवस बोलल्या नाहीत. ताट समोर यायचं, सरकवलेलं.

निलमचा चेहरा लाल झाला. ती लेकराला उचलून आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं दारातूनच म्हणाली, "बाबा, मागितली असती तर मी नको म्हणले असते का?"

"कसं मागावं तेच कळंना, बाई."

त्यानंतर ते तिच्यासमोर बरेच दिवस मान वर करू शकले नाहीत. तीही डबी आता आपल्या पेटीत ठेवायला लागली. कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण ठेवायला लागली.

रविवारी सखुबाई एकट्याच माहेरी गेल्या. तिथं काय बोलणं झालं, कोण रडलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि उकंडरावांनी विचारलं नाही. प्रतिक्षा हिंगोलीला परत आली, कॉलेजही सुरू झालं, पण ती आत्याकडं राहायला आली नाही. दोन मैत्रिणींबरोबर तिनं खोली घेतली. कॉलेज जवळ पडतं म्हणाली.

उकंडरावांचं तोंड तीन आठवड्यांत सुधारलं. कपड्याचा साबण बंद, कोमट पाणी, आणि ओल्या तोंडाला दाण्याएवढी जेली. गाल मऊ झाले, पापुद्रे गेले. मोंढ्यात रुमाल धुळीपुरता राहिला. एका हमालानं विचारलं, "काय लावलं हो उकंडराव? माझे बी गाल फुटून राहिले." त्यांनी सगळं सांगितलं, तिनं सांगितलं होतं तसंच, टिपायचं, घासायचं नाही. "कोनी सांगितलं तुमाला?" या प्रश्नावर मात्र त्यांनी पुढचं पोतं काट्यावर घ्यायला सांगितलं.

प्रतिक्षा रविवारी जेवायला येते. आत्या तिला जवळ बसवून वाढते, नको म्हणताना आणखी वाढते. निलमचं लेकरू तिच्याकडं झेप घेतं. ती उकंडरावांना मामा म्हणते, पाया पडते, तोंडाकडं बघून "आता बरं हाय" असंही म्हणते. ते "व्हय" म्हणतात आणि पाय मागं घेतात.

पूर्वी ती आल्याआल्या आपली पिशवी दाराजवळ कुठंही टाकून द्यायची. आता जेवतानाही ती पिशवी मांडीजवळ ठेवते, आणि निघताना पिशवीचं तोंड उघडं ठेवूनच उचलते, आतलं सगळ्यांना दिसेल अशी. सखुबाईंच्या हे लक्षात आलं आहे की नाही, कुणास ठाऊक. उकंडरावांना दर रविवारी दिसतं.