पाण्याच्या खान्यातली रेघ

डीएनएचे काही तुकडे एका जागी बसत नाहीत. स्वतःची नक्कल काढून दुसरीकडे घुसतात. माझं पोट या उनाड तुकड्यांच्या अभ्यासावरच चालतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही.

सिंगापूरात क्लेमेंटीला मी ज्यांच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहायचे, त्या काकू मूळच्या रत्नागिरीच्या, यजमान जहाजावर. सोबतीला दत्तक घेतलेला एक भटका कुत्रा. त्याच्या नाकात गाठ झाली. रक्त यायचं, वास कळेना, खाणं सुटलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही डॉक्टरांना खात्री देता येईना. एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारी गाठ असेल, तर इंजेक्शनांनी जाते. दुसरी कुठली असेल, तर आशा कमी. लागणाऱ्या गाठीची खूण मला पाठ होती: पेशींची वाढ चालवणाऱ्या एका जनुकाशेजारी असाच एक उनाड तुकडा ठाण मांडून बसलेला असतो. प्रयोगशाळेतल्या सरांची परवानगी काढून मी गाठीच्या नमुन्याची तपासणी लावली.

डीएनए ज्यातून धावतो त्या जेलच्या पातळ थरावर, कुत्र्याच्या खान्यात झगझगीत रेघ उमटली. रेघ म्हणजे तुकडा आहे, म्हणजे कुत्रा वाचणार! मी तिथूनच काकूंना फोन केला. त्यांनी जहाजावर कळवलं, शिऱ्याला रवा भाजायला घेतला. फोन ठेवून पाहते, तर शेजारच्या खान्यातही तीच रेघ. त्या खान्यात पडताळणीसाठी नुसतं पाणी घातलं होतं, तिथे काहीच उमटायला नको होतं. कुठेतरी माझ्याच हातून भेसळ झाली होती आणि आता पहिल्या रेघेलाही काही अर्थ उरला नव्हता. पाण्याचा खाना आधी बघावा, हे नव्या मुलांना मीच शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

घरी जाऊन खरं ते सांगितलं. काकू हातात उलथनं धरून ऐकत राहिल्या.

"म्हणजे पाण्यालाही कॅन्सर झालाय का गं?" त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी टेबल घासून पुसलं, पाण्यापासून हातमोज्यांपर्यंत सगळं नवं घेतलं. या खेपेला पाण्याचा खाना कोरा आणि कुत्र्याची रेघ ठळक. सरांनीही दोनदा पाहिली. फोन करायचा मला धीर झाला नाही, तो डॉक्टरांनी केला.

इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी काकू बांगडे तळत होत्या, मी कांदा चिरत होते. कुत्रा हॉलमधून उठला, नाक वर करून क्षणभर थांबला आणि सरळ ओट्यापाशी येऊन बसला. काकूंनी गॅस बंद केला.

"वासानं आला गं," एवढंच म्हणाल्या, आणि गाऊनच्या बाहीने डोळे पुसत त्याच्यासाठी बांगड्याचे काटे काढायला बसल्या.