मालकानं वाटलेल्या गोळ्या

परवा नातवाच्या जुलाबावर डॉक्टरांनी झिंकच्या गोळ्या दिल्या आणि पाकीट हातात येताच आमचा जुना मालक आठवला. चिकलठाण्याला त्याच्या कारखान्यात आम्ही नटबोल्टांवर कॅडमियमचा मुलामा चढवायचो. टाक्यांवरची वाफ बाहेर ओढणारा पंखा कायम बंद असायचा आणि घरी गेल्यावरही जिभेवर गंजल्यासारखी चव राहायची. माझ्या शेजारी सिल्लोडकडचा एक सोबती होता. त्याच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली, मूत्रपिंडं बिघडतायत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मालकानं पंखा दुरुस्त करायचं सोडून टाय लावलेला एक तज्ज्ञ आणला. तो म्हणाला, "जस्त पोटात गेलं की कॅडमियम मूत्रपिंडाला कमी बाधतं. उंदरांवर प्रयोग झालेत." मालकानं लगेच सगळ्यांना झिंकच्या गोळ्या वाटल्या, प्रसाद वाटावा तशा. सोबत्यानं विचारलं, "साहेब, अन् पल्याडच्या शेडमधी शिसं वितळवत्यात, त्याचं काय?" तज्ज्ञ घुटमळला. "शिशानं त्रास वाढूही शकतो." "चहा घ्या, चहा," मालक मधेच म्हणाला आणि तज्ज्ञाला केबिनमध्ये घेऊन गेला. पंखा बंदच राहिला. काही वर्षांनी सोबत्याची मूत्रपिंडं निकामी झाली आणि तो गेला. मातीला मालक पांढऱ्या सफारीत आला आणि सोबत्याच्या बायकोपुढं हळहळला, "गोळ्या वेळेवर घेत नसंल हो तो." ती म्हणाली, "घ्यायचे. मी माझ्या हातानं द्यायची." मालकानं मान हलवली आणि गाडीत जाऊन बसला. राग माणसाचा येतो. त्या मालकाची मला आजही नुसती किळस येते.