बशीतला गूळ

अत्तार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी उन्हाळी बॅचचं वेळापत्रक लावत होते. नांदेडहून त्यांची मुलगी शबाना बोलत होती. "बाई, अब्बा गेले... सकाळीच," एवढं म्हणून ती थांबली. दफन उदगीरला, दुपारी उशिरा असरच्या नमाजनंतर, हे तिच्याकडून विचारून घेतलं आणि समोरच्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: गाडी, बिराजदार सरांना कळवणे, दुपारच्या बॅचना सुट्टी, फळ्यावर सूचना. लातूरच्या बिराजदार सरांच्या क्लासमध्ये इतकी वर्षं कामं लावून देण्याचं काम माझंच आहे. रडायचं असेल तर ते कामं मार्गी लागल्यावर, अशी माझी सवय. सर याला "स्वामीबाईंचा प्रोटोकॉल" म्हणायचे.

उदगीरला पुरुषमंडळी कब्रस्तानाकडे गेली आणि मी घरात बायकांमध्ये बसले. शबाना माझ्याजवळ येऊन बसली आणि शेवटच्या दिवसांतलं सांगायला लागली. दवाखान्यात सरांना एसीची खोली मिळाली होती. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटल्यावर त्यांनी तिला विचारलं, ह्या एसीचा बाहेरचा डबा कुठल्या भिंतीला बसवलाय? तिला वाटलं, तापात बोलतायत. तरी ती बघून आली. पाठीमागच्या व्हरांड्यात होता, जिथं पेशंटची माणसं सतरंज्या टाकून बसतात. सर म्हणाले, "मग एसी बंद कर आणि पंखा लाव." तिनं बंद केला. डॉक्टर रागावले, तिनं पुन्हा लावला. हे सांगताना शबाना हसत होती आणि डोळे पुसत होती. तिला हे बापाचं वेड वाटत होतं. मला त्यामागचं सगळं माहीत होतं, म्हणून हे लिहिते आहे.

मी सरांना पहिल्यांदा पाहिलं ते भूकंपानंतर. मी कॉलेजात होते आणि आमची तुकडी एका गावात मदतीला गेली होती. घोंगड्या आणि भांडी वाटायची, कुणाला काय दिलं ते लिहायचं, हे माझ्याकडे होतं. शेजारच्या टेबलावर तलाठी पंचनामे करत होते. त्यांच्या हाताशी उदगीरच्या ज्युनियर कॉलेजातला फिजिक्सचा एक तरुण मास्तर बसलेला. अक्षर चांगलं म्हणून त्याला बसवलं होतं. एक किराणा दुकानदार आला. घरातली माणसं वाचली होती, दुकान भुईसपाट झालं होतं. भिंती किती हात, लाकूड किती, माल कोणता, सगळं लिहून झालं. तरी तो उठेना. म्हणाला, "माझ्या भिंती दोन हात जाड होत्या. भर उन्हाळ्यात गूळ पाघळत नव्हता. आता तुम्ही पत्र्याचं शेड देणार. त्यात गूळ पाघळंल. ते कुठं लिवता?"

तलाठी म्हणाले, जीव वाचला ते बघा शेटजी, त्याच भिंतींनी गाव मारलं. ते खरंच होतं. दुकानदारानंही मान हलवली. पण जाता जाता म्हणाला, "मारलं ते खरं हाय, अन् गार ठेवत होतं तेबी खरं हाय. तुम्ही एकच लिवलं." अत्तार सर कागद चाळत राहिले. गूळ लिहायला रकानाच नव्हता. गावं नवी वसली, घरं पातळ भिंतींची झाली. भीती इतकी होती की ते योग्यच वाटलं. उन्हाळ्याचा हिशेब पुढे आला.

ही गोष्ट सर प्रत्येक बॅचला सांगायचे. जगभरच्या देशांच्या हवामान परिषदांत नुकसानभरपाईचं घोडं अडलं की ते पेपर घेऊन माझ्या टेबलाशी येत, चहा मागवत आणि म्हणत, "बाई, लई सोपं हाय. भूकंपाला आरोपी न्हवता, तरी पंचनामा झाला. इथं धूर कुणी सोडला ते माहीत हाय, अन् पंचनाम्याला पंच म्हणून तेच बसलेत." परिषद संपली की निकाल जाहीर करायचे. बहुतेक वर्षी निकाल एकच असायचा: जगाला एटीकेटी.

मी बी.कॉम. होऊन बिराजदार सरांच्या क्लासमध्ये लागले तेव्हा तो दोन खोल्यांचा होता. अत्तार सर उदगीरची नोकरी सोडून नंतर आले. मग लातूरचं नाव झालं. उदगीर, कंधार, देगलूर, परभणी, कुठून कुठून मुलं येऊ लागली. गल्लीगल्लीत मेस, होस्टेल, अभ्यासिका. खाली जागा संपली तसे क्लास गच्चीवर चढले. आमच्याही गच्चीवर पत्र्याचं शेड झालं. तिथं रिपीटर बॅच, म्हणजे बारावीनंतर पुन्हा एक वर्ष प्रवेश परीक्षा देणारी मुलं. तळमजल्याच्या हॉलमध्ये रँक बॅच, ज्यांचे फोटो पुढे चौकातल्या बोर्डावर लागतात. एका उन्हाळ्यात त्या हॉलला एसी आले. गाड्या लावायला जागा हवी म्हणून मिस्त्रीनं बाहेरचे डबे गच्चीवर नेले आणि शेडच्या जाळीच्या भिंतीला लावून टाकले. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पहिल्याच दुपारी अत्तार सर शेडमधून खाली आले, अंगातला शर्ट पिळून निघेल असा भिजलेला. बिराजदार सरांच्या केबिनमध्ये मी फीच्या पावत्या घेऊन उभी होते. अत्तार सरांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "सर, गारवा तयार होत नसतो. खालची उष्णता उचलून दुसरीकडं टाकावी लागती. आपण ती माझ्या पोरांच्या तोंडावर टाकून राहिलोय."

बिराजदार सर माणूस वाईट नाहीत. गणिताचे आहेत. त्यांचं म्हणणं, रँक बॅचचा निकाल लागतो म्हणून क्लासला नाव आहे आणि नाव आहे म्हणून रिपीटर येतात. आधी रँकवाल्यांना नीट बसू दे, मग हळूहळू सगळ्यांपर्यंत गारवा पोहोचेल. डबे पुढच्या वर्षी हलवू. अत्तार सर म्हणाले, पोहोचतीय ती गरम हवा, वर या, दाखवतो. बिराजदार सरांचे गुडघे तेव्हापासूनच दुखतात.

मग अत्तार सरांनी एका बशीत गुळाचा खडा ठेवून ती शेडच्या खिडकीत मांडली आणि दोन्ही बॅचच्या मुलांना एका रविवारी परीक्षेनंतर हॉलमध्ये बसवलं. अट एकच: गूळ पाघळला तर काय करायचं, ते मुलांनी मिळून ठरवायचं. मी वेळापत्रकवाली म्हणून लिहून घ्यायला बसले. माझा अंदाज अर्ध्या तासाचा होता. प्रकरण रविवारमागून रविवार लांबलं.

रँक बॅचतर्फे कंधारची एक हुशार मुलगी बोलायची. तिचा पहिला मुद्दा, गूळ दमटपणानंही पाघळतो, तर उष्णतेचाच दोष हे सिद्ध करा. सर खुलले. खाली एक खडा, वर एक खडा, दोन्ही एकाच ढेपेचे, दोन्ही बरण्यांत बंद, असा प्रयोग झाला. वरचा पाघळला, खालचा नाही. मग तिचा दुसरा मुद्दा आला. रिपीटर संख्येनं जास्त, माणसाच्या अंगातूनही उष्णता निघते, तेव्हा शेड तापायला तीच मुलं जबाबदार. यावर देगलूरचा एक मुलगा उठला. तो एरवी गप्प असे. "ताई, आमी श्वास घेऊन राहिलो. तुमी एसी घेऊन राहिलात. डोईमागं किती उष्णता ते मोज, मग बोल." सगळा हॉल हसला, तीही हसली. सर फळ्याजवळ उभे राहून म्हणाले, एवढ्या वर्षांत मोठमोठ्या परिषदांमध्ये याहून वेगळं काही बोललं गेलेलं नाही, त्यांच्या मानानं तुम्ही वेळेत आहात.

शेवटी ठरलं ते असं. बशीतला गूळ पाघळला की त्या दिवसापासून दुपारी हॉल रिपीटरांचा, आणि रँक बॅच सकाळी सातला. डबे हलवायचा खर्च क्लासनं करायचा. बिराजदार सरांनी खर्चाच्या ओळीसमोर "पुढील वर्षी" असं स्वतःच्या हातानं लिहून सही केली. मी वेळापत्रक बदललं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं गेलं, सकाळचा हॉल तसाही रिकामाच असायचा. त्या उन्हाळ्यात शेडमध्ये कुणाला चक्कर आली नाही. त्याआधी आठवड्याला एखादं मूल मला लिंबूपाणी देऊन घरी पाठवावं लागे.

दुसऱ्या उन्हाळ्यात करार मोडला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं त्याच्या पुढचा तो उन्हाळा. रँक बॅचमधल्या एका मुलाचे वडील आले. मुलाला सकाळी सातला बोलवायचं नाही, नाहीतर समोरच्या क्लासला नेतो, म्हणाले. त्यांच्यामागे आणखी पालक होते. बिराजदार सरांनी रँक बॅच पुन्हा दुपारी हॉलमध्ये घ्यायला सांगितलं, "तात्पुरती". संध्याकाळी अत्तार सर टेबलाशी आले आणि म्हणाले, एक मोठा देश करारातून बाहेर पडला. मी विचारलं, कुठल्या पेपरात आहे?

"तुमच्याच वेळापत्रकात हाय की बाई," ते म्हणाले.

त्यांच्यापुढे तेव्हा दोन रस्ते होते. नांदेडच्या एका क्लासनं त्यांना बोलावलं होतं. शबाना लग्न होऊन तिथंच होती आणि सरांच्या पत्नीचं, भाभींचं, मन तिकडं होतं. नाहीतर इथं राहायचं आणि गप्प बसायचं, कारण फिजिक्सला रँक बॅचही त्यांच्याकडे होती आणि बोर्डावर त्यांचाही फोटो असायचा. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, हॉलमधून माझं नाव काढा, माझे सगळे तास वर लावा. मी व्यवहाराचं बोलले. पगार उतरेल, बोर्डावरचा फोटो जाईल, आणि तुम्ही वर गेल्यानं डबे काही हलणार नाहीत. ते म्हणाले, "न्हाई हलणार. पर खाली उभं राहून मी उष्णता शिकवायची अन् ती वर टाकायची... मला जमंना, बाई."

झालंही तसंच. रँक बॅचला दुसरे मास्तर मिळाले, चांगले मिळाले, निकालही लागले. अत्तार सर शेडमध्ये शिकवत राहिले. त्यांनी पत्र्याला चुना मारून घेतला, जाळीला ओली पोती लावली. माझ्याशी त्यांची भांडणंही झाली. तास वेळेत संपवत नसत, अभ्यासक्रम मागे राही, आणि बशीतल्या गुळापायी गच्चीभर मुंग्या. मी बशी उचलायला सांगितली की म्हणत, मुंग्यांनाबी माहितीय गूळ कुठं हाय, फक्त रकान्याला माहीत न्हाई. दर वर्षी माझ्या उन्हाळ्याच्या कामांत "डबे हलवणे" असायचं आणि दर वर्षी ते पुढच्या वर्षावर जायचं. गेल्या दिवाळीत दम लागायला लागला तसे ते शबानाकडे नांदेडला गेले. जाताना शेडची किल्ली माझ्याकडे दिली.

उदगीरहून परतल्यावर बॅचेस पुन्हा सुरू झाल्या. शेड उघडताना शिपायानं काय काय ठेवायचं हे मी फार पूर्वी सांगून ठेवलेलं आहे: खडू, डस्टर, माठात पाणी, बशीत गूळ. यातलं शेवटचं कुणी बंद करायला सांगितलं नव्हतं, म्हणून तो ठेवतच होता. त्या दुपारी हजेरीसाठी मी वर गेले. नव्या मास्तरांचा तास सुरू होता. पहिल्या बाकावरची मुलगी ओला रुमाल मानेवर ठेवून लिहीत होती. खिडकीतला खडा बसला होता, कडेनं बशीत उतरला होता.

मी खाली आले आणि तो करार आठवून पाहिला. रँक बॅच परत हॉलमध्ये घेतली ती तात्पुरती. करार रद्द, असं कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. मी हॉलमध्ये जाऊन रँक बॅचला अभ्यासिकेत पाठवलं, उद्यापासून सकाळी सात असं फळ्यावर लिहिलं आणि वरच्या बॅचला खाली बोलावलं. जिन्यावर गर्दी झाली तसे बिराजदार सर केबिनच्या दारात आले. आता ते काठी घेऊन चालतात.

"बाई, हे काय?"

"गूळ पाघळलाय, सर."

त्यांच्या शेजारून ती मुलं आत जात होती. मग ते म्हणाले, "डबे पुढच्या वर्षी हलवू."

मी म्हटलं, मिस्त्रीला सोमवारी बोलावलंय. ते आत जाऊन बसले.

बशी धुवायला मी पुन्हा वर गेले. शेड रिकामं होतं. डबे घरघरत होते आणि त्यांची गरम हवा जाळीतून येऊन बाकांवरून जात होती, एक उघडी राहिलेली वही फडफडवत. मी ती मिटली, बशी पुसली आणि नवा खडा ठेवला.