सायप्रसपर्यंतची सासू

आमच्या गल्लीत परदेशातली लढाई बघून आलेला माणूस एकच, धम्मपालदादा. शिरोलीच्या फौंड्रीतला कारागीर. बैरूतला कामाला गेला आणि २००६ साली लढाईत अडकला. परत आल्यावर कट्ट्यावर रंगवून सांगायचा : वकिलातीच्या लोकांनी माणसं शोधून बंदरावर आणली, नौदलानं बोटीत घातली. "त्यांनी 'हा आपला' म्हणायचं, ह्यांनी उचलायचं. सख्ख्या भावांचंबी एवढं जमत न्हाय!" बंदराचा भाग मात्र झटक्यात उरकून बोटीवर चढायचा.

का, ते त्याच्या लग्नानंतर कळलं. शिवानीवहिनीच्या भावकीतला जोतीराम सुट्टीवर आला होता. वहिनीच्या माहेरचा, गगनबावड्याचा, आणि त्याच बोटीवरचा नौसैनिक. चहा फुंकत त्यानं विचारलं, "काय पावणं, म्हातारीचं काय झालं मग?"

दादाची मान खाली.

म्हातारी म्हणजे मरियम, बैरूतमधली त्याची घरमालकीण. तिचा मुलगा सायप्रसला होता आणि बोट तिथंच चाललेली. म्हणून दादाच तिला बंदरावर घेऊन गेला. वकिलातीचे साहेब म्हणाले, "परदेशी माणूस आपल्या कुणाचा जवळचा नातलग असेल तरच घेता येईल. या कोण लागतात तुमच्या?"

शेजारीच जोतीराम. दादानं बॅगेला हासडलेल्या शिवीवरून त्यानं गाववाला केव्हाच ओळखला होता. हळूच म्हणाला, "सासू म्हणा की! सायबांनी मान हलवली की मी उचलून आत ठेवतो."

पण सासू म्हटली की बायको आली. दादाची सोयरीक तर गगनबावड्यात ठरलेली. हा गडीही बोलण्यावरून तिकडचाच; गावाकडं जाऊन बडबडला तर? दादा साहेबांना म्हणाला, "कुणी न्हाय."

म्हातारीनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि एकटीच माघारी वळली.

हे ऐकून वहिनी म्हणाली, "माझ्या भ्यानं व्हय? अवो, एक सासू सोसतोय की आम्ही, दुसरी सायप्रसपातूर जड झाली असती?"

सगळे हसले. दादा सोडून.

वहिनीनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. "लावा तिला फोन. नंबर हाय न्हवं?"

"पाठ हाय."

"मग? उचलणार न्हाय म्हणून भ्या वाटतंय?"

"उचलंल म्हणून," दादा म्हणाला. "उचलला की पयलं इचारंल, जेवलास का. ते न्हाय ऐकवणार मला."